पहिला खण

"हा संगणकाचा पडदा आहे की भांड्यांचं दुकान?"

बेबी माझ्या खुर्चीमागे उभी राहून ओरडली. पायातली चप्पलसुद्धा तिने अजून काढली नव्हती. रविवारची सकाळ होती, आत बायको इस्त्री करत होती, आणि मी नवा प्रोग्राम उघडून नुकताच कुठे बसलो होतो.

"ओरडू नकोस. ऐकू येतं मला," मी म्हणालो.

"ऐकू येतं तर फोन का नाही उचललास? कधीपासून करतेय."

"आंघोळीला गेलो होतो."

गेलो नव्हतो. फोन शेजारच्या खोलीत वाजत होता, आणि हल्ली तो वाजतो हे मला फक्त तो थरथरला तर कळतं. पण हे बेबीला सांगायचं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायचा.

बेबी माझी धाकटी बहीण. नावाला बेबी; केस पांढरे झाले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी घरात अजून बेबीच. ती एका कानाच्या दवाखान्यात काम करते. माणसाला काचेच्या बंद खोलीत बसवायचं, त्याच्या कानाला हेडफोन लावायचे, बारीक बारीक टूं-टूं ऐकवायचं आणि ऐकू आलं की बटण दाबायला सांगायचं. मग कोणता सूर किती मोठा केल्यावर ऐकू आला त्याचा आलेख काढायचा. दिवसभर हेच. मी पत्र्याच्या कारखान्यात प्रेसवर असतो. सपाट पत्र्यातून डब्यांची झाकणं ठोकून काढतो. तिचं यंत्र मुंगीसारखं बोलतं आणि माझं यंत्र आख्खी इमारत हलवतं, आणि आम्ही दोघं भाऊबहीण मिळून संगीत करतो.

संगीत म्हटल्यावर लोकांना पेटी नाहीतर गिटार आठवते. आमचं त्यातलं काही नाही. जुन्या व्हिडिओ गेमच्या चिपमधून निघतं ते आमचं संगीत. चिपला गळे चारच. दोन चौकोनी आवाजाचे, एक त्रिकोणी खर्जाचा, आणि चौथा नुसती खरखर. या चार गळ्यांसाठी गाणं ज्यात लिहितात त्या प्रोग्रामला ट्रॅकर म्हणतात. त्यात चार उभे खण असतात आणि गाणं वरून खाली वाहतं. प्रत्येक ओळीत कोणता सूर, कितव्या सप्तकातला, आणि त्यापुढे तो किती मोठा वाजवायचा त्याचा आकडा. शून्य म्हणजे गप्प. नऊच्या पुढे आकडे संपतात म्हणून ए, बी, सी, करत एफपर्यंत जायचं. एफ म्हणजे चिपचा जीव जाईपर्यंत.

पहिला खण माझा. लहानपणापासून माझा. घरात पहिला संगणक आला तेव्हाच मी ठरवून टाकलं होतं, वरचा सूर थोरल्याचा, बाकीची हमाली धाकटीची. तिने तेव्हा खूप आदळआपट केली होती, आईने माझी बाजू घेतली होती, आणि बेबी ते आजतागायत विसरलेली नाही.

आमचा जुना ट्रॅकर माझ्या ज्या संगणकावर चालायचा तो संगणक त्या महिन्यात मेला. दुकानदाराने उघडून बघितला आणि डोळ्यांनीच सांगितलं की घरी न्या. नव्या संगणकावर जुना ट्रॅकर उघडेना. गाण्यांच्या फायली तेवढ्या वाचल्या. तेव्हा आता नवा ट्रॅकर निवडणं आलं, आणि दोघांनी एकच निवडणं आलं, कारण एकदा का फाइल एकात जतन केली की दुसरा तिला ओळखतही नाही.

बेबीने निवडला होता तो ट्रॅकर काळाभोर. अक्षरं आणि आकडे, बस्स. मी त्याला पाटी म्हणायचो. मी निवडला होता त्यात वीस प्रकारच्या चिपा, शंभर बटणं, आणि खाली प्रत्येक खणासाठी एक छोटी चौकट, ज्यात त्या खणाच्या आवाजाची हिरवी लाट हलताना दिसते. त्याला तिने त्या सकाळी दुकान म्हटलं आणि ते नाव त्याला चिकटलं.

"हे रंगीबेरंगी कशाला हवंय तुला? आपल्याला चारच खण लागतात."

"पुढेमागे दुसरी चिप वापरता येईल."

"आयुष्यभर एक चिप वापरलीस. म्हातारपणी दुसरी करतोयस?"

आतून बायको हसली. तिचं हसणं मला बरोबर ऐकू आलं, कारण ते जाड आहे.

"आणि या लाटा बघ," बेबी म्हणाली. "लाटा बघून काय मिळतं? संगीत ऐकायचं असतं, बघायचं नसतं."

मला त्या लाटाच हव्या होत्या. मला वरचं ऐकू येत नाही. बोलणं येतं, खर्ज येतो, प्रेसचा दणका तर छातीत येतो. पण बारीक सूर हळूहळू गेले. आधी पक्षी गेले, मग फोनची घंटा गेली, मग माझ्या स्वतःच्या गाण्यातलं सगळ्यात वरचं सप्तक गेलं. हे घरात कुणाला सांगितलं नव्हतं. बेबीला कळलं की ती पहिला खण काढून घेणार, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. कारखान्यात अंगावरची कातडी सोलवटली तरी चालेल, पण तो खण मी द्यायला तयार नव्हतो. दिवसभर झाकणं ठोकणाऱ्या माणसाकडे स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं.

दुकानात पहिल्या चौकटीतली लाट हलली की मला कळायचं, सूर वाजतोय. न ऐकता कळायचं. पाटीत मी आंधळा झालो असतो.

"मला दुकानच पाहिजे," मी म्हणालो.

"कारण सांग."

"मी मोठा आहे हे कारण."

"वहिनी, ऐकलंत?"

"मला तुमच्या भांडणात घेऊ नका," बायको आतून म्हणाली. "दोन्ही बंद करा. घरात शांतता तरी नांदेल."

बेबीने चप्पल न काढताच माघारी फिरून दार आपटलं. जाताना पायऱ्यांवरून काहीतरी बोलली. ते मला ऐकू आलं नाही, पण अंदाज होता.

भांडणाला अजून एक कारण होतं आणि ते जास्त कडू होतं. पुढच्या महिन्यात आमच्यासारख्या वेड्यांचा मेळावा होता. एका सभागृहात मोठे स्पीकर लावतात, प्रत्येक जण आपलं नवं गाणं वाजवतो. आमचं गाणं अर्धवट होतं, आणि गेले कित्येक आठवडे ते पुढे सरकतच नव्हतं, कारण आम्ही आवाजाच्या आकड्यांवरून लढत होतो. मी फाइल तिला पाठवायचो. ती परत यायची तेव्हा माझ्या खणातल्या वरच्या सुरांपुढचे एफ तिने पुसून तिथे पाच नाहीतर सहा केलेले असायचे. विचारलं नाही, सांगितलं नाही. मी पुन्हा एफ करायचो. ती पुन्हा सहा करायची. एकदा तिने लिहून पाठवलं, "कानात दाभण घालतोयस का लोकांच्या?" मी उत्तर पाठवलं, "माझा खण, माझा आवाज." तिला वाटत होतं मी मुद्दाम, तिचा खर्ज दाबायला एफ ठेवतो. मला वाटत होतं ती माझा सूर मारायला टपली आहे. सहावर मला तो सूर ऐकूच यायचा नाही, त्यामुळे माझ्या दृष्टीने तिने तो खरोखरच मारलेला असायचा.

सोमवारी कारखान्यात वेगळंच झेंगट झालं.

प्रेसमध्ये पत्रा कापणारा जो पोलादी साचा असतो त्याला आम्ही डाय म्हणतो. डायला तडा जायला लागला की दणक्याच्या शेवटी एक बारीक किणकिण येते. ती आली की यंत्र थांबवायचं, नाहीतर प्रत्येक झाकणाच्या कडेला कापणारी धार राहते आणि पुढे कुणाचं तरी बोट जातं. ती किणकिण ऐकू यावी म्हणून तर आम्ही जुनी माणसं कानात बोळे घालत नव्हतो. बोळे घातले की डाय बोलते ते कळत नाही, असं आम्ही नव्या पोरांना मोठ्या तोऱ्यात सांगायचो. त्याच तोऱ्याने कान गेले.

फोरमन माझ्या खांद्यावर थाप मारून समोर आला तेव्हा त्याचा चेहरा लाल झाला होता. त्याने एक झाकण माझ्या नाकासमोर धरलं.

"काय आहे हे?"

"झाकण."

"झाकण नाही, कुऱ्हाड आहे! सकाळपासून डाय किंचाळतेय. पलीकडच्या लाइनवर ऐकू आलं. तुमचं लक्ष कुठे आहे?"

मी मागे वळून बघितलं. टोपलीभर झाकणं कडेला धार घेऊन चकाकत होती. एकेक हाताने बघितलं असतं तरी कळलं असतं. पण ज्या माणसाने वर्षानुवर्षं कानाने काम केलं तो हाताने का बघेल?

"झोप झाली नाही," मी म्हणालो.

"झोपा मग घरी. पुढच्या आठवड्यात सगळ्यांच्या कानांची तपासणी आहे. मागच्या वेळी तुम्ही रजेवर होतात. त्याच्या आधीही रजेवर होतात. या वेळी मी स्वतः गाडीत बसवणार."

तपासणी बेबीच्याच दवाखान्यात असायची. म्हणून तर मी रजा घ्यायचो. एकदा दात दुखला, एकदा मेहुणा आजारी पडला. मेहुण्याला मी अजून ते सांगितलेलं नाही.

त्या दिवशी घरी आलो तो डोकं सणकलेलंच होतं. दारात बेबीच्या चपला दिसल्या आणि अजून सणकलं. कामाच्या दिवशी ती कधी येत नाही.

ती माझ्या टेबलाशी बसली होती. पडद्यावर दुकान उघडं होतं आणि त्यात आमचं गाणं. बायको दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. दोघी बोलत नव्हत्या. या दोघी एका खोलीत असून बोलत नाहीत म्हणजे काहीतरी घडलंय, एवढं मला कळतं.

"माझ्या संगणकाला हात लावायला कोणी सांगितलं?"

"बस इथे," बेबी म्हणाली.

"ऊठ आधी."

"दादा, बस."

मी बसलो नाही. तिने पहिल्या खणावर बोट ठेवलं.

"चौथ्या सप्तकातले सूर. आवाज सहा. सगळीकडे सहा. पाचव्यातले, आठ. सहाव्यात बी. सातव्यात एफ. काल घरी जाऊन गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघितलं मी. एक ओळ चुकलेली नाही."

"मग? मला तसं आवडतं."

"आवडीला एवढी शिस्त नसते."

तिने बोट खणावरून खाली ओढलं.

"मी रोज हाच आलेख काढते. खालचे सूर ठीक, वर जावं तसं वाढवत न्यायचं, वाढवत न्यायचं, तेव्हा कुठे समोरचा बटण दाबतो. पत्र्याच्या कारखान्यातला माणूस आला की डोळे मिटून काढता येईल इतका ठरलेला उतार. तू तोच गाण्यात लिहून ठेवलायस. आणि मी मूर्ख, मला वाटलं तू खुन्नस काढतोयस."

ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती चिडली होती. तिचा आवाज चढला होता, त्यामुळे मला एकेक शब्द स्वच्छ ऐकू येत होता.

"किती दिवस झाले?"

"कशाला?"

"दादा!"

"बरेच."

"आणि मी काय करते ते माहितीये ना तुला? परक्या लोकांना मी हाताला धरून खुर्चीत बसवते. सख्खा भाऊ रजा घेऊन पळतो! तुमच्या कारखान्याच्या यादीत तुझं नाव बघायचे मी. तू आला नाहीस की वाटायचं, हा माझं तोंड बघायला नको म्हणून येत नाही."

"कागदावर आलं की मला प्रेसवरून काढतील. पॅकिंगला बसवतील."

"बसवू देत."

"आणि पहिला खण तू घेशील."

हे तोंडातून निघून गेलं. निघाल्यावर खोलीत असं काही वाटलं की ते परत घेता आलं असतं तर मी घेतलं असतं. बायकोने माझ्याकडे बघितलं. तिला बहुधा पहिला खण म्हणजे काय हेसुद्धा माहीत नव्हतं.

बेबीने खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, "घेणारच होते. मेळाव्यानंतर सांगणार होते तुला. तू वाट लावतोयस गाण्याची."

"बघ! बघ, आलं ना तोंडावर!"

"हो, आलं! चाळीस वर्षं हमाली केली मी. त्रिकोणी खणाला तर आवाजाचा आकडासुद्धा नसतो, एक तर वाज नाहीतर गप्प बस. तोच दिलास तू मला. आणि तू वरती मिरवत राहिलास."

"मग घे! आत्ता घे! आणि तुझी ती पाटी घे. मला काही नको."

"पाटी नकोय मला. हेच ठेव, हे दुकान. तुला लाटा दिसतात यात."

"दया करतेयस?"

"दया कसली डोंबलाची! तुला दिसलं नाही तर काम कसं करशील?"

"मला पाटी पाहिजे!"

"आणि मी दुकान घेणार!"

आता आम्ही दोघं उलट्या बाजूंनी भांडत होतो आणि दोघांनाही थांबता येत नव्हतं. शेवटी मी तिला घरातून निघ म्हणालो. सख्ख्या बहिणीला. ती निघाली. या वेळी दार आपटलं नाही. हळूच लावलं. ते जास्त लागलं.

बायको अजून चौकटीतच होती.

"तू तरी काही बोल," मी म्हणालो.

"मी काय बोलू? मला माहीतच होतं. टीव्ही एवढा मोठा लावता म्हणून मी काय उगीच बोंबलत होते?" ती आत गेली. मग परत बाहेर आली. "अहो, मी बोलायला लागले की तुम्ही उठून जाता, ते तरी ऐकू येत नाही म्हणून का? की ते वेगळं?"

"ते वेगळं," मी म्हणालो.

"वाटलंच."

दोन दिवस काहीच नाही. मग बेबीकडून फाइल आली. सोबत एक अक्षर नाही. दुकानात जतन केलेली. म्हणजे तिने तिच्याही संगणकावर दुकान बसवलं होतं आणि माझं न ऐकता निवड करून टाकली होती. मी रागारागात उघडली. पहिल्या खणात सूर माझेच होते, पण सप्तकाच्या आकड्यात प्रत्येक सातच्या जागी सहा झाला होता आणि सहाच्या जागी पाच. माझी सगळी चाल तिने उचलून एक सप्तक खाली ठेवली होती.

वाजवलं. ऐकू आलं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं ऐकू आलं. आणि ते भिकार होतं. जी चाल छपरावर चढायला हवी ती जमिनीवर रांगत होती, बेबीच्या दुसऱ्या खणात अडखळत होती, खर्जाच्या पायात येत होती. मी मुठीने टेबल ठोकलं आणि बेबीला फोन लावला. स्पीकरवर लावला, कारण कानाशी धरला की अर्धे शब्द गळतात.

"सातचे सहा का केलेस?"

"तुला ऐकू यावं म्हणून."

"मी मागितलं होतं?"

"नाही."

"मग? पांगळं करून टाकलंस गाणं."

"एक सप्तक तर खाली घेतलंय."

"तेच ते. तो सूर वरच पाहिजे. तुला कळतं हे. माझ्यापेक्षा जास्त कळतं. तो वरच पाहिजे की नाही?"

पलीकडून काहीतरी आलं.

"काय?"

"वरच पाहिजे म्हटलं, बहिऱ्या!"

एवढं मात्र सगळ्या इमारतीला ऐकू गेलं असेल. मला फार बरं वाटलं. त्या आठवड्यात माझ्याशी कुणीतरी पहिल्यांदाच नीट बोललं.

"मग मी वर नेतोय," मी म्हणालो.

"ने. सूर तू लिही. आवाजाचे आकडे मी टाकते."

"आकडेही मीच टाकणार."

"कसे? तुला..."

"लाटा बघून. लाट मोठी म्हणजे आवाज मोठा. एवढं कळतं मला."

"आणि चुकलं तर?"

"तर सांग. पुसू नकोस. सांग."

ती थोडा वेळ गप्प होती. की बोलत होती आणि मला आलं नाही, देव जाणे. मग फोन बंद झाला.

मी चाल पुन्हा वर नेली. मग आकड्यांना हात घातला. हे काम बोलायला सोपं आहे. दुसऱ्या खणाची लाट बघायची, तिच्या मानाने पहिल्याची किती उंच हवी ते ठरवायचं, सहा करून बघायचं, पाच करून बघायचं. कानाची सवय आडवी येते. हात आपोआप एफकडे जातो, कारण आतून कुणीतरी सांगत असतं की इथे काहीच वाजत नाहीये, वाढव. एकेका ओळीपाशी मी त्या हाताशी भांडलो. पुन्हा पुन्हा वाजवलं. चौकटीत पहिली लाट दात काढल्यासारखी हलायची आणि माझ्यापर्यंत नुसता बेबीचा खर्ज यायचा, वर मोकळी जागा. माझ्याच गाण्यात मी नव्हतो. मला वाईट वाटलं. वाटतं अजूनही. पण खण भरत गेला.

फाइल पाठवली. बेबीचं उत्तर एका ओळीचं आलं. "शेवटच्या चढात एका ठिकाणी अजून कमी कर. बाकी चावत नाही." तिच्याकडून याहून मोठी शाबासकी मला कधी मिळालेली नाही. ती जागा शोधून मी पाचाचा चार केला. पुढच्या आठवड्यातल्या तपासणीला मी जाणार की नाही, ते मी तिला सांगितलं नव्हतं आणि तिने विचारलं नव्हतं. फोरमन गाडीत बसवणार म्हणाला होता, आणि मेहुण्याला दुसऱ्यांदा आजारी पाडणं बरं दिसलं नसतं.

शनिवारी दुपारी मी पडद्यासमोर बसलो होतो. गाणं पूर्ण झालं होतं, करायला काही उरलं नव्हतं, तरी बसलो होतो. बायको टेबल पुसायला आली. माझा चहाचा कप उचलला, कीबोर्ड उचलून त्याखाली फडकं फिरवलं, आणि हे सगळं करताना तोंडाने काहीतरी गुणगुणत होती. मी आधी लक्ष दिलं नाही. मग मान वर केली.

"काय म्हणतेयस ते?"

"कुठे काय?"

"आत्ता. गुणगुणत होतीस."

"तुमचंच ते. दुसरं काय असणार या घरात? आठवडाभर तेच तेच, तेच तेच. डोक्यातून जाईना झालंय मेलं."

"माझं कुठलं? खर्जातलं?"

"ते खालचं ढुंब-ढुंब नाही हो. वरचं. ते टीं-टीं करत चढतं आणि मग खाली येतं, ते."

"पुन्हा म्हण."

"मला दुसरी कामं नाहीत?"

ती कप घेऊन आत निघून गेली. मी पडद्याकडे बघत राहिलो. ते सूर मी लिहिले होते, पण हिशेबाने. अमक्या सुरावर तमका चढवला की काय होतं हे जुन्या आठवणीतून काढून लिहिले होते. एफवर कानाला नुसती चाहूल लागायची, चाल म्हणून कधी ऐकले नव्हते. बायकोचा गळा जाड आहे, मध्येच फाटतो, आणि तिने ती चाल आपल्याला झेपेल तिथे खाली आणली होती. बेबीने केलं तेव्हा मी टेबल ठोकलं होतं. पण बायकोच्या गळ्याखाली ना खर्ज होता ना दुसरा खण. चाल एकटी होती. ती चढत होती, वर पोचायच्या आधी जरा थांबत होती, आणि मग वर न जाता एक पायरी खाली उतरत होती. तिथे उतरवलं होतं मी, हे मला माहीत होतं. ते असं वाटेल हे माहीत नव्हतं. मी केलेलं गाणं मला पहिल्यांदाच नीट ऐकू आलं, आणि ते चांगलं होतं.

आतून पुन्हा गुणगुण सुरू झाली. मी कान दिला, तेवढ्यात तिने नळ सोडला. पाण्याच्या आवाजात सगळं वाहून गेलं.

"अगं, नळ बंद कर!"

"काय?"

"नळ!"

"मग भांडी काय थुंकीने घासू?"

मी उठलो आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. तिची माझ्याकडे पाठ होती. कोपरापर्यंत फेस, खांदे हलत होते, म्हणजे गुणगुणत असावी. पाणी धो धो वाहत होतं. मग तिने एक पातेलं उपडं घातलं आणि दुसऱ्याला हात घालायच्या आधी ओल्या बोटांनी नळ फिरवला. चालीचा मधला भाग निघून गेला होता. शेवटची उतरण तेवढी आली.

"सरका," ती मागे न बघता म्हणाली. "वाटेत उभे राहू नका."

मी सरकलो नाही.